हवेची मात्रा : सायकलचे टायर, सरावासाठी आणि शर्यतीसाठी

बालरोगतज्ज्ञाने सायकलच्या टायरवर लेख लिहावा, याचे काही सभासदांना नवल वाटेल. परंतु हवा भरलेला टायर प्रचारात आला तोच एका मुलाच्या निमित्ताने. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीचे हादरे कमी व्हावेत म्हणून तिच्या चाकांना हवेच्या नळ्या बसविल्या आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी विली ह्यूम याने अशा टायरांवर बेलफास्टमधील शर्यती जिंकल्या.

या विषयाकडे मी वळलो तो माझ्याच एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे नेहमी येणाऱ्या कुटुंबातील चौदा वर्षांचा मुलगा शालेय सायकल स्पर्धेची तयारी करीत होता. मी स्वतः रविवारी सायकल चालवितो हे ठाऊक असल्याने वडिलांनी विचारले, ''डॉक्टरसाहेब, हवा किती ठेवू?'' मी घाईत म्हणालो, ''टायरवर लिहिली असेल तेवढी भरा. घट्ट टायर जास्त पळतो.'' टायरवर १२० पीएसआय ही कमाल मर्यादा छापलेली होती. मुलाचे वजन ४२ किलो. देवास रस्त्यावरच्या एका वळणावर बारीक खडीवरून मागचे चाक घसरले आणि कॉलरबोन मोडले. हाड यथावकाश जुळले, स्पर्धा मात्र हुकली. औषध देताना किलोमागे मिलिग्रॅम मोजणारा मी, हवेच्या बाबतीत मोठ्या माणसाची मात्रा सांगून मोकळा झालो होतो.

टायर फिरताना त्याचे रबर व धागे सतत दबतात आणि पूर्ववत होतात. त्यात थोडी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हवा फार कमी असेल तर हा व्यय वाढतो, शिवाय खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपून पंक्चर होते. उलट हवा फार जास्त असेल तर खडबडीत रस्त्यावर चाक उसळत राहते, शक्ती वाया जाते आणि पकड सुटते. म्हणूनच पूर्वी शर्यतीत सर्रास दिसणाऱ्या २३ मिलिमीटर टायरांची जागा आता २५ व २८ मिलिमीटरच्या टायरांनी घेतली आहे.

रेसिंग सायकलचे टायर मुख्यतः तीन प्रकारचे. पहिला क्लिंचर : आत वेगळी ट्यूब, कडा रिममध्ये अडकलेल्या, पंक्चर कोठेही काढता येते. दुसरा ट्यूब्युलर : ट्यूब आतच शिवलेली आणि टायर रिमला चिकटविलेला, हलका, परंतु रस्त्यात दुरुस्त करणे कठीण. तिसरा ट्यूबलेस : आतील द्रव बारीक छिद्रे आपोआप बुजवितो, मात्र उन्हाळ्यात तो द्रव लवकर वाळतो व पुन्हा भरावा लागतो. आपल्याकडच्या मुलांसाठी क्लिंचरच सोयीचा, असे माझे मत आहे.

सरावाच्या टायरला जाड रबर आणि पंक्चररोधक पट्टा हवा. तो थोडा जड असतो, पण बाभळीचे काटे, काचा आणि पावसाळ्यात रस्त्यावर वाहून आलेली खडी तो सोसतो. शर्यतीचा टायर पातळ, लवचिक आणि हलका. पळतो चांगला, झिजतोही लवकर. रोजच्या सरावाला तो वापरणे म्हणजे अर्धी सकाळ पंक्चर काढण्यात घालविणे. सराव सरावाच्या टायरवर करावा. शर्यतीचे टायर आठवडाभर आधी बसवून, त्यांवर काही फेऱ्या मारूनच स्पर्धेत उतरावे. टायर घेताना कडेवरचा २५-६२२ असा आकडा पाहावा. पहिला रुंदीचा, दुसरा रिमवर बसणाऱ्या व्यासाचा. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे.

आता मात्रा. २५ मिलिमीटर क्लिंचरसाठी सत्तर किलोच्या माणसाला साधारण ८० पीएसआय, तर पंचेचाळीस किलोच्या मुलाला ६० ते ६५ पुरते. मागच्या चाकावर भार अधिक, म्हणून पुढच्यात थोडी कमी ठेवावी. ओल्या रस्त्यावर आणखी किंचित कमी. टायर व रिमवर छापलेल्या मर्यादा मात्र ओलांडू नयेत. पहाटे २० अंशांत भरलेले ८० पीएसआय मे महिन्यातील ४५ अंशांत ८८ पर्यंत चढतात, हेही ध्यानात असावे. अंगठ्याने दाबून अंदाज येत नाही. मापक असलेला पंप घ्यावा.

टायरचे धागे दिसू लागले किंवा मोठी चीर पडली की तो बदलावा. मागचा टायर लवकर झिजतो. तेव्हा पुढचा मागे घालून नवा पुढे बसवावा, कारण पुढचे चाक घसरले तर तोल सावरणे फार कठीण.

आपल्या व्यवसायातही सायकलीचे नाव मोठे आहे. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र व महेंद्र महाजन यांनी २०१५ साली, तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली एकट्याने 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. उज्जैनमधील एखादे मूलही उद्या त्या वाटेला लागेल. त्याचे पालक सल्ला विचारावयास आले, तर आधी त्याला वजनकाट्यावर उभे करावे, एवढीच माझ्या व्यवसायबंधूंना विनंती. तो मुलगा पुढच्या वर्षी ६० पीएसआयवर शर्यतीत उतरला आणि सुखरूप परतला.