बिटकॉइनची प्रतिरोध पातळी : आलेखावरील रेषेचा अर्थ आणि मर्यादा

बिटकॉइनचा भाव एखाद्या ठरावीक आकड्याजवळ येऊन वारंवार माघारी का फिरतो, याचे स्पष्टीकरण तांत्रिक विश्लेषणात ‘प्रतिरोध पातळी’ या संज्ञेने दिले जाते. ज्या भावाला विक्रीचा जोर खरेदीपेक्षा वरचढ ठरून वाढ थांबते, ती प्रतिरोध पातळी. आणि ज्या भावाला खरेदीदार पुढे येऊन घसरण रोखतात, ती आधार पातळी होय. समभागाचे मूल्य जोखताना कंपनीचा नफा, लाभांश आणि मालमत्ता विचारात घेता येते. बिटकॉइनमागे असा ताळेबंद नसल्याने त्याचे व्यवहार करणारे भावाच्या आलेखावर अधिक विसंबून असतात.

पातळी कशी तयार होते?

डिसेंबर २०१७ मध्ये बिटकॉइन २० हजार डॉलरच्या नजीक पोहोचले आणि वर्षभरात सुमारे ३,२०० डॉलरपर्यंत कोसळले. शिखरावर खरेदी करणाऱ्यांचे पैसे अडकले. भाव पुन्हा त्या आकड्याजवळ आला, की मुद्दल सोडवून घेण्यासाठी असे धारक विक्रीस पुढे येतात. पूर्ण आकड्यांवर विक्रीचे आदेशही अनेकांनी आधीच नोंदवलेले असतात. २० हजारांची ही पातळी प्रथमच ओलांडली गेली ती १६ डिसेंबर २०२० रोजी. अडथळा दूर होताच महिनाभरात भावाने ४० हजार डॉलरचा टप्पा गाठला.

नोव्हेंबर २०२१ मधील सुमारे ६९ हजार डॉलरच्या उच्चांकाबाबतही हेच घडले. ५ मार्च २०२४ रोजी भाव या पातळीपलीकडे गेला, मात्र त्याच दिवशी ६० हजारांच्या आसपास घसरला. त्याच महिन्यात ७३ हजारांपुढे नवा उच्चांक नोंदला गेला. तो मोडण्यास नोव्हेंबरमधील अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीपर्यंत वाट पाहावी लागली. ५ डिसेंबर २०२४ रोजी बिटकॉइनने एक लाख डॉलरचा टप्पा पार केला.

पातळी ओलांडली जात असताना उलाढालही वाढली, तर ती वाढ विश्वासार्ह मानली जाते. उलाढाल तोकडी असल्यास ती फसवी ठरण्याची शक्यता अधिक असते.

मर्यादा कोणत्या?

एकदा ओलांडलेली प्रतिरोध पातळी पुढे आधार पातळी बनते, असा या शास्त्राचा सर्वमान्य ठोकताळा आहे. जून २०२२ मध्ये तो फोल ठरला. अमेरिकेतील व्याजदरवाढ आणि टेरा या आभासी चलनाची पडझड यांमुळे बिटकॉइन २० हजारांच्या खाली गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स ही बाजारपेठ दिवाळखोरीत निघाल्यावर ते १६ हजारांखाली आले. जुन्या शिखराचा आधार गृहीत धरून खरेदी करणाऱ्यांना मोठा फटका बसला. गुंतवणूकदारांच्या पूर्वीच्या व्यवहारांचे ठसे आलेखावर दिसतात. एखाद्या संस्थेच्या ताळेबंदातील भगदाड दिसत नाही.

भारतीय गुंतवणूकदारांसाठी ही जोखीम दुहेरी आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पाने आभासी मालमत्तेवरील नफ्यावर ३० टक्के कर लावला आणि त्यातील तोटा अन्य उत्पन्नातून वजा करण्यास मनाई केली. एका आभासी चलनातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातूनही वळता करता येत नाही. त्यामुळे पातळीचा अंदाज दोनदा चुकून एकदा बरोबर आला, तरी कर त्या एका नफ्यावर पूर्ण भरावा लागतो. व्यवहारापूर्वी सोसता येईल तेवढ्या तोट्याची मर्यादा निश्चित करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.