ब्रूझचा घंटामनोरा

बेल्जियममधील पश्चिम फ्लँडर्स प्रांताची राजधानी ब्रूझ येथील मुख्य चौकात उभा असलेला मध्ययुगीन गॉथिक मनोरा. उंची सु. ८३ मी. पायथ्याशी जुना कापडबाजार आहे. लोकरी कापडाच्या व्यापारावर संपन्न झालेल्या या नगराने मनोरा बांधला तो चर्चसाठी नव्हे, तर स्वतःच्या कारभारासाठी. कामाच्या वेळा, वेशी मिटण्याची वेळ, आग, शत्रूची चाहूल या सर्व गोष्टी नागरिकांना घंटानादावरून कळत.

मनोऱ्याची उभारणी सु. १२४० मध्ये झाली. १२८० मध्ये त्याचा लाकडी भाग जळाला व तेथे ठेवलेले नगराचे दप्तरही नष्ट झाले. ही हानी केवळ कागदपत्रांची नव्हती; कारण सरंजामशाही व्यवस्थेत नगराचे हक्क सनदेवर अवलंबून असत. फ्लँडर्सचा काउंट गी द दांपियेर याने जुने हक्क जसेच्या तसे मान्य केले नाहीत. नगरात दंगे उसळले आणि १२८१ मध्ये मिळालेल्या नव्या सनदेने काउंटचीच सत्ता वाढली. पुनर्बांधणीनंतर सनदा मनोऱ्यातील दगडी कोठीत, लोखंडी जाळीच्या दारांआड ठेवण्यात येऊ लागल्या. आजचा पर्यटक ही कोठी बहुधा घाईने ओलांडतो. वस्तुतः मनोऱ्याचे मर्म तेथेच आहे.

वरचा अष्टकोनी भाग १४८३–८७ या काळात चढविण्यात आला. त्यावरील लाकडी शिखर १४९३ मध्ये वीज पडून जळाले. पुढे बांधलेले शिखरही १७४१ च्या आगीत गेले व ते पुन्हा उभारले गेले नाही. १८२२ मध्ये दगडी नक्षीदार कठडा बसविण्यात आला. मनोरा पूर्वेकडे सु. ८७ सेंमी. कलला आहे, परंतु खालून पाहताना हे सहसा ध्यानात येत नाही.

माथ्यापर्यंत ३६६ पायऱ्या आहेत. जिना चक्राकार असून वर जाताना तो अधिकाधिक अरुंद होतो. चढणारे व उतरणारे यांची वाट एकच असल्याने एकमेकांना जागा द्यावी लागते व एका वेळी मर्यादित लोकांनाच आत सोडतात. हृदयविकार वा गुडघेदुखी असणाऱ्यांनी चौकातूनच मनोरा पाहणे श्रेयस्कर. वाटेत घड्याळाचे यंत्र व त्याचे प्रचंड पितळी पिंप दिसते. पिंपावरील खुंट्या फिरताना तारा ओढतात व हातोडे घंटांवर आपटून दर पाव तासाला धून वाजते. घंटावादक मात्र लाकडी दांड्यांवर मुठी मारून स्वतः वादन करतो. एकूण घंटा ४७ असून त्यांचे वजन सु. २७ टन आहे. त्यांपैकी २६ घंटा अठराव्या शतकात झॉर्झ ड्यूमेरी याने ओतलेल्या आहेत. घंटांच्या मजल्यावर असतानाच वादन सुरू झाल्यास कान झाकून घेणे इष्ट.

माथ्यावरून लाल कौलांची घरे, कालवे व सभोवतीचा सपाट प्रदेश दिसतो. १९९९ मध्ये यूनेस्कोने फ्लँडर्स व वालोनियातील घंटामनोऱ्यांचा जागतिक वारशात समावेश केला, त्यांत हा मनोरा आहे. २००५ मध्ये या यादीत फ्रान्समधील मनोऱ्यांची भर पडली.