दोन अंड्यांचा हिशेब

छोटा होला हा पारव्याचा धाकटा भाऊबंद. पुणे-नाशिक महामार्गावर मोशीपुढे कुरुळीच्या आसपास शेत, गोदाम आणि कंपनीचं कंपाउंड एकमेकांना खेटून उभी आहेत. चाकण एमआयडीसी वाढली तशी ज्वारी-बाजरीची रानं आकसली, तरी गळ्यावर काळे ठिपके मिरवणारा छोटा होला काही हलला नाही. हा पक्षी कशातही भागवतो म्हणून टिकला, असं सर्रास सांगतात. ते पटण्यासारखं नाही. कावळ्यासारखा तो उकिरडा उपसत नाही. त्याचा आहार मुख्यतः जमिनीवर पडलेलं बी, कधीमधी वाळवी-मुंगी. त्याचं बळ पिल्लं वाढवण्याच्या रीतीत आहे. चिमणी स्वतः दाणे टिपते, पण पिल्लांना किडे-अळ्या भरवते. होल्याच्या नर-मादी दोघांच्याही अन्नपिशवीच्या अस्तरातून प्रथिनं आणि स्निग्धांशाने भरलेला दाट, दुधासारखा स्राव तयार होतो, आणि सुरुवातीचे दिवस पिल्लं त्यावरच पोसतात. आईला दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरकच इथेही काम करतं. त्यामुळे पावसाळ्यातल्या अळ्यांची वाट पाहावी लागत नाही; बी आणि पाणी असलं की कुठल्याही महिन्यात वीण होऊ शकते. अंडी दोनच, उबवायला साधारण दोन आठवडे, पिल्लं उडायला जवळपास तेवढेच. चार काड्यांच्या घरट्यावरून त्याला आळशी म्हणतात, पण मांजराने किंवा कावळ्याने ते मोडलं तर बुडतं थोडंच. बाभळीवर नाही तर शेडच्या अँगलवर पुन्हा काड्या पडतात.

यावर एक रास्त हरकत आहे. आपला राज्यपक्षी हरियालही याच कुळातला, तोही पिल्लांना असंच दूध पाजतो, मग तो गोदामांत का नाही? कारण त्याला वड, पिंपळ, उंबर यांची फळं लागतात, आणि रस्ता रुंद होताना पहिली कुऱ्हाड याच झाडांवर पडते. म्हणजे दूध ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी सुक्या बियांची. एनए होऊन पडून राहिलेल्या प्लॉटवरचं गवत होल्याला ती पुरवतं. परमुलखातही होल्यांचं असंच बस्तान बसलं. पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून १८९८ मध्ये सुटलेले छोटे होले ऑस्ट्रेलियात रुजले. त्याचाच भाऊबंद पठाणी होला तर बाल्कनमधून युरोपभर पसरत १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये घरटी करू लागला, तोही कुणी नेऊन न सोडता.

तरीही कुरुळीत होले दिसतात म्हणून रान शाबूत आहे, असं मानणं चुकीचं ठरेल. चंडोल जमिनीवर घरटं करतो आणि पिल्लांना किडे भरवतो. प्लॉटवर मुरूम पडला की त्याची सोयच संपते. होल्याला मात्र कंपाउंडच्या कडेचा गवताचा पट्टाही पुरतो. तो पट्टा फरसबंदीखाली गेला, तर सुक्या बियांवर जगणाऱ्या या पक्ष्यालाही सांडलेल्या धान्यावरच भिस्त ठेवावी लागेल, आणि तिथे त्याची गाठ पारव्यांच्या थव्यांशी आहे.