गवताचं रान

अमळनेरहून धुळ्याला आणि तिथून मुंबई-आग्रा महामार्गाने मालेगावच्या दिशेला दहाएक किलोमीटर गेलं, की लळिंगचा किल्ला दिसतो. फारुकी राजवटीच्या इतिहासातलं हे नाव खानदेशात बहुतेकांना ठाऊक आहे. भोवतालचं लळिंग कुरण मात्र गाडीच्या खिडकीतून नुसता उघडा माळ वाटतं, आणि इथे झाडं का लावत नाहीत, असं कुणीतरी हमखास विचारतं. प्रश्न चांगल्या मनाने विचारलेला असतो, पण तो ऐकला की मला काळजी वाटते.

कुरण म्हणजे गवतासाठी राखलेलं रान. खाली काळा कातळ, वर मुरमाचा पातळ थर आणि वर्षाला जेमतेम ५००-६०० मिलिमीटर पाऊस. इथे दाट अरण्य मुळात वाढायचंच नाही. इथला खरा वृक्ष अंजन. कातळाच्या फटीत मूळ घालून तो एकमेकांपासून अंतरावर उभा राहतो. मधल्या मोकळ्या जागेत मारवेल, पवन्या, कुसळी. गवताचा कोंब मातीलगत असतो, म्हणून ते चरलं, कापलं, वणव्यात जळलं तरी पावसाबरोबर पुन्हा फुटतं. त्याला सोसत नाही ती सावली. खड्डे खणून दाट रोपं लावली की गवत मरतं आणि त्याच्या आडोशाने जमिनीवर अंडी घालणारे तितर, लावे, चंडोल बेघर होतात. सरकारी नकाशांत असे माळ वर्षानुवर्षं 'पडीक' म्हणून रंगवले गेले. खानदेशातल्या रोशा गवताचं तेल एके काळी मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. त्या जमिनीला पडीक म्हणायचं?

या कुरणात एक बंगलाही आहे, त्याचं नावच लांडोर बंगला. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे मुक्कामाला होते, त्या आठवणीसाठी दरवर्षी त्याच तारखेला इथे माणसांची रीघ लागते. पाऊस झालेला असेल तर माळ तेव्हा कोवळा हिरवा असतो.

मी मात्र दिवाळीनंतर जायला सांगेन. तेव्हा गवत पिकलेलं असतं आणि कपड्यांना कुसळं चिकटतात. त्यातलं एक घरी आणा आणि शेपटीवर पाण्याचा थेंब सोडा. पीळ उलगडतो, कुसळ गोल फिरू लागतं. पुढचं टोकदार बी असंच, ओल आणि उन्हाच्या आळीपाळीने फिरत, स्वतःला मातीत पेरून घेतं.