एक लेखक, पूर्ण कप्पा

या आठवड्यात वाचन प्रेरणा दिन झाला. २०१५ पासून दर १५ ऑक्टोबरला होतो तसाच: डॉ. कलामांच्या तसबिरीला हार, तासभर वाचन आणि शेवटी कोणी किती पुस्तकं वाचली याची मोजणी. ही मोजणीच खटकते. पंचवीस लेखकांचं एकेक पुस्तक वाचणाऱ्या मुलाला टाळ्या मिळतात आणि एकाच लेखकाची पंचवीस पुस्तकं वाचणाऱ्या मुलीला ‘जरा दुसरंही काही वाच’ असा सल्ला मिळतो. माझं मत उलट आहे. आवडता लेखक सापडला की त्याचं हाती लागेल ते सगळं वाचावं. चांगलं, बरं, फसलेलं, सगळं. लेखकाचं गाजलेलं पुस्तकसुद्धा त्याच्या इतर पुस्तकांशेजारी ठेवल्याशिवाय नीट कळत नाही.

गो. नी. दांडेकर घ्या. बहुतेकांच्या लेखी ते कोकणाचे आणि किल्ल्यांचे लेखक. ‘शितू’, ‘पडघवली’ वाचली, ‘जैत रे जैत’ सिनेमा पाहिला, की गोनीदा कळले असं आपण धरून चालतो. पण हा माणूस १९१६ साली जन्मला तो आपल्या परतवाड्याला. तेराव्या वर्षी त्याने घर सोडलं, पुढे गाडगेबाबांच्या सहवासात राहिला, नर्मदेची परिक्रमा केली. ही माहिती परीक्षेपुरती पाठ असते. ती लेखनात कशी मुरली हे मात्र पुस्तकं ओळीने वाचली तरच दिसतं. १९५५ मध्ये ‘पडघवली’तून कोकणातलं घर बोलतं, त्याच वर्षी ‘पवनाकाठचा धोंडी’मध्ये मावळ बोलतो आणि १९५७ मध्ये ‘पूर्णामायची लेकरं’ थेट वऱ्हाडीत येते. कोकणावरच थांबलेल्या वाचकाला बोली म्हणजे कथेला लावलेला प्रादेशिक रंग वाटतो. तिन्ही पुस्तकं वाचणाऱ्याच्या लक्षात येतं, की या लेखकाला माणूस आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. शेलूबाजारच्या वाचकाचा तर इथे जास्तीचा हक्क आहे. ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ समजायला त्याला तळटीप लागत नाही. वाशिमच्याच डोंगरात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला जाऊन पूर्णेला मिळते. म्हणजे पूर्णामायच्या लेकरांत आपलीही गणती आहे. तरीही पुण्या-मुंबईत ठरलेले गोनीदाच आपण वाचतो. आणखी एक जोडी पाहा. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ १९५७ ची, ‘स्मरणगाथा’ १९७३ ची. दोन्हींमागे तीच वणवण. पहिल्या पुस्तकाच्या नावातच लेखक ‘कुणी एक’ होऊन आडोशाला उभा आहे. सोळा वर्षांनी तो आडोसा सोडून स्वतःच्या आठवणींवर येतो. १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘स्मरणगाथा’ला मिळाला म्हणून तेवढंच वाचणाऱ्याला हे अंतर कधी मोजताच येणार नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आयुष्य थोडं, पुस्तकं फार. पण हिशेब करून पाहावा. दिवसाला वीस पानं वाचली, तर दोनशे पानांचं पुस्तक दहा दिवसांत संपतं आणि वर्षाला छत्तीस पुस्तकं होतात. जी. ए. कुलकर्णींचे सगळे कथासंग्रह त्यात बसून वर जागा उरते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: प्रत्येक लेखक सगळाच्या सगळा वाचण्याच्या लायकीचा असतो का? याची खरी कसोटी अमरावतीचे उद्धव शेळके. १९६० ची ‘धग’ ही मराठीतली पहिल्या रांगेतली कादंबरी, याबद्दल दुमत नाही. संसार सावरताना झिजून जाणारी कौतिक एकदा वाचली की विसरता येत नाही. पण शेळक्यांच्या नावावर शंभराच्या वर पुस्तकं आहेत आणि ती सगळी ‘धग’च्या तोडीची नाहीत. मग ती कशाला वाचायची? माझं उत्तर असं, की कमकुवत पुस्तकातच कारागिरी उघडी पडते. संवाद कुठे सैल झाला, बाईचं दुःख कुठे साच्यात ओतलं गेलं, हे तिथे दिसतं. ते पाहून पुन्हा ‘धग’ उघडली, की कौतिकच्या तोंडी लेखकाने किती कमी शब्द दिलेत आणि ते आवरणं किती अवघड आहे, हे समजतं. लेखणीवर घर चालवणाऱ्याला काय काय लिहावं लागतं, हाही मराठी साहित्याच्या इतिहासाचाच भाग आहे. अशा वाचनाने माणूस एकाच लेखकाचा भक्त होतो, ही भीतीही मला पटत नाही. भक्ती एका पुस्तकावर जडते. सगळं वाचणाऱ्याला लेखकाचे दोष तोंडपाठ असतात.

खरी अडचण वेगळीच आहे: पुस्तकं मिळतच नाहीत. जुन्या कादंबरीच्या मलपृष्ठावर ‘लेखकाची इतर पुस्तके’ म्हणून यादी असते; त्यातली किती दुकानात मिळतात, एकदा विचारून पाहा. शेळके १९९२ मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे २०५२ संपेपर्यंत हक्कदारांच्या परवानगीशिवाय ती पुस्तकं कोणालाही छापता येणार नाहीत. तोपर्यंत जुन्या प्रती टिकवणं ग्रंथालयांच्याच हातात आहे. आपली सार्वजनिक ग्रंथालयं १९६७ च्या कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत चालतात आणि गावातल्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाची खरेदीची रक्कम तुटपुंजी असते, हे खरं. पण त्या रकमेत दरवर्षी सुटी, एकमेकांशी संबंध नसलेली पुस्तकं घ्यायची की एकाच लेखकाचा कप्पा भरत न्यायचा, हे ठरवायला सरकारचा आदेश लागत नाही. मंगरुळपीर, मालेगाव, कारंजा, रिसोड अशी लेखकांची वाटणी झाली आणि पुस्तकं एकमेकांकडे फिरू लागली, तर पाचेक वर्षांत जिल्ह्यात चार-सहा लेखक पूर्ण वाचायला मिळतील.

सुरुवात घरच्या लेखकापासून करावी. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर जैनचे नामदेव कांबळे यांना ‘राघववेळ’साठी १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि सत्कारही झाले. पण त्यांच्या दुसऱ्या एखाद्या कादंबरीचं नाव किती जणांना सांगता येईल? शेलूबाजार परिसरातल्या शाळांना आणि ग्रंथालयांना विनंती आहे: पुढच्या १५ ऑक्टोबरला हार-तुरे थोडे कमी करा आणि त्या पैशांतून कांबळ्यांची मिळतील तेवढी सगळी पुस्तकं एका कप्प्यात आणून ठेवा.