घोटा धरला, गडी पडला!

कबड्डी बघताना आपली नजर कुणावर खिळते? चढाईला निघालेल्या गड्यावर! मांडीवर थाप, तोंडात 'कबड्डी कबड्डी', एकाला शिवला की वाऱ्यासारखा परत. टाळ्या त्याच्याच. मला विचाराल तर खरी गंमत असते समोरच्या सात जणांत, पकड करणाऱ्यांत.

नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीटसारख्या गावात कबड्डीला फार काही लागत नाही. पीक निघालेलं रान, ढेकळं फोडून सपाट केलेली माती, फक्कीच्या चार रेषा. तिथे चणीने लहान असलेला पोरगा कोपऱ्यात उभा राहतो आणि आपल्या दीडपट वजनाच्या गड्याला आडवा करतो. ताकद तर गड्याकडे जास्त, मग हे होतं कसं?

उत्तर आहे घोट्यात. गडी जादा गुण देणाऱ्या बोनस रेषेकडे झेपावतो ना, तो क्षण नीट बघा. नियमच असा आहे की एक पाय रेषेपलीकडे टेकवताना दुसरा पाय हवेत हवा. म्हणजे त्या क्षणी आख्खा गडी एका पावलावर उभा! आपल्या शरीराचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास असतो. तिथून सरळ खाली काढलेली रेघ पावलांनी व्यापलेल्या जागेत पडली तर तोल राहतो, बाहेर गेली की आपण पडतो. दोन पाय फाकवून उभं राहिलं तर ही जागा ऐसपैस असते. एका पायावर ती वीतभरच उरते. नेमकं तेव्हाच कोपरारक्षक घोटा धरतो. पाय थांबतो, पण धड पुढे जातच राहतं, एसटीने करकचून ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो तसं. बेंबीखालची रेघ पावलाबाहेर गेली, की गडी मातीत!

आता वेळेचं बघू. डोळ्याने पाहिलं, मेंदूने ओळखलं, हाताला निरोप गेला, यात सुमारे 0.2 सेकंद जातात. सेकंदाला 5 मीटर वेगाने पळणारा गडी तेवढ्यात 1 मीटर पुढे सरकलेला असतो. म्हणजे पाय दिसल्यावर हात घातला तर हाती धूळच! म्हणून चांगला बचावपटू गड्याच्या हातवाऱ्यांना भुलत नाही. तो कंबर आणि पाय बघतो. हात कुठेही फिरवता येतात, पण दिशा बदलायची तर कंबर वळवावीच लागते. तिथून त्याला पुढचं पाऊल आधीच कळतं.

पण घोटा धरून काम संपत नाही. मोठा गडी ओढत ओढत मध्यरेषेपर्यंत हात पोचवू शकतो. तेव्हा बाकीचे धावतात. एक कंबरेला मिठी मारतो, एक वाट अडवतो. इथला हिशोब ऐका. चौघांनी मिळून पकड केली तरी संघाला गुण एकच. (बचावाला तिघे किंवा त्याहून कमी उरले असतील तर अव्वल पकड, तिचे दोन.) आणि गडी निसटून रेषेला टेकला, तर ज्यांनी ज्यांनी त्याला हात लावला ते सगळे बाद! तरीही ते धावतात. गुणपत्रकात बहुतेक वेळा घोटा धरणाऱ्याचंच नाव लागतं. वाट अडवणाऱ्याचं नाव तिथे नसतं, आणि तो नसता तर पकडही नसती. हे मला कबड्डीतलं सगळ्यात सुंदर वाटतं.

मेहनतही काही कमी नाही. चढाई जास्तीत जास्त 30 सेकंदांची. एक गडी परतला की पुढच्या चढाईला दुसरा जाऊ शकतो. बचाव करणाऱ्यांना मात्र समोरून येणाऱ्या प्रत्येक चढाईला गुडघे वाकवून, फळी बांधून उभं राहावं लागतं. अशा वेळी मांड्या थरथरतात ना? स्नायूंतले तंतू दमतात, नवे तंतू कामाला लागतात, ओढ एकसारखी राहत नाही, म्हणून ती थरथर.

असा बचाव काय करू शकतो ते बघा. 1990 पासून 2014 पर्यंत आशियाई क्रीडा स्पर्धांतलं पुरुष कबड्डीचं प्रत्येक सुवर्णपदक भारताचं होतं. 2018 साली जकार्तात उपांत्य सामन्यात इराणच्या बचावापुढे आपल्या तगड्या चढाईपटूंचं काही चालेना. भारत 18, इराण 27. महिलांची अंतिम लढतही इराणने भारताविरुद्ध 27-24 अशी जिंकली. आणि त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक कोण होत्या? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! सरावात त्यांनी योगासनं आणि प्राणायामही आणले होते.

आधी कळण्याने किती फरक पडतो, ते बघायला आता एक प्रयोग. मित्राला 30 सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेवर, तुमचा अंगठा आणि बोट न टेकवता ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की चिमटीत पकडा. 20 सेंटिमीटरच्या आसपास पकडलीत, तर तुम्हाला लागले साधारण 0.2 सेकंद. मग त्याला 'एक, दोन, तीन' असं एका लयीत मोजून तीनला पट्टी सोडायला सांगा. आता ती कितीतरी आधीच चिमटीत येईल. हात तेवढाच चपळ आहे, फक्त पट्टी कधी सुटणार हे तुम्हाला आधी कळलं.