दवाखान्याचा फोन दुसऱ्या गावातून उचलताना

इच्छापोर म्हटलं की हजिऱ्याकडे जाणारा रस्ता, ट्रकांची वर्दळ आणि हिऱ्यांचा जेम अँड ज्वेलरी पार्क आठवतो. इथे कामाला आलेली माणसं गुजराती, हिंदी, मराठी, ओडिया अशा अनेक भाषा बोलतात. अशा ठिकाणच्या छोट्या दवाखान्यात डॉक्टर पेशंट तपासत असतात आणि फोन वाजतच राहतो. कुणाला नंबर लावायचा असतो, कुणाला मेडिक्लेमचे कागद हवे असतात. हे काम आता दुसऱ्या गावात घरी बसूनही करता येतं. ते करणाऱ्याला रिमोट असिस्टंट म्हणतात. उद्या आपल्यापैकी काही जण हे काम करतील, म्हणून ते नीट समजून घेऊ.

ही कल्पना तशी जुनीच. १९९० च्या दशकात अमेरिकन डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं भारतात ऐकून टाइप व्हायला लागलं. त्याला मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन म्हणतात. तिथे कानात रेकॉर्डिंग असायचं, इथे फोनवर घाबरलेला माणूस असतो.

म्हणून आधी ठरवायचं की कोणतं काम सोपवायचं. नंबर लावणं, आठवण करून देणं, बिलं आणि क्लेमचे कागद तयार करणं ही कामं देता येतात. गोळी किती घ्यायची किंवा रिपोर्टचा अर्थ काय, हे मात्र असिस्टंटने सांगायचं नाही. "छातीत दुखतंय" असा फोन आला तर उद्याचा नंबर देऊन चालणार नाही. लगेच १०८ ला फोन करायला सांगायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. अशा वेळी काय करायचं, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी लिहून द्यावं.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. कुणाला टीबी आहे, कुणाची सोनोग्राफी झाली, ही बातमी बाहेर गेली तर एखाद्याची नोकरी किंवा ठरलेलं लग्न अडू शकतं. डॉक्टरांवर गुप्ततेचं बंधन २००२ च्या व्यावसायिक आचरणाच्या नियमांनीच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय. माहिती हाताळायचं काम दुसऱ्याला दिलं तरी जबाबदारी डॉक्टरांचीच राहते, आणि असं काम देताना करार लागतो, असं हा कायदा सांगतो. माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

त्यामुळे असिस्टंटला स्वतंत्र लॉगिन द्यावं आणि कामापुरतीच माहिती दिसू द्यावी. रिपोर्ट त्याच्या खासगी व्हॉट्सॲपवर पाठवू नयेत. काम सुटलं की त्याच दिवशी लॉगिन बंद करावं.

तिसरी गोष्ट, माणूस निवडायचा कसा? फाडफाड इंग्रजी येतं का, यापेक्षा समोरच्याचं बोलणं कळतं का ते बघावं. खान्देशातून सुरतेला आलेली आजी "पोट दुखी ऱ्हायनं" म्हणाली, तर ते न हसता समजून घेणारा, नाव आणि तारीख परत वाचून दाखवणारा माणूस हवा. पगार देऊन पंधरा दिवस काम करून बघावं.

आणि तुम्हीच हे काम घेणार असाल तर आधी तीन गोष्टी लेखी मागा: कामाचे तास, पगार आणि अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा त्याचा नंबर. तिसरी गोष्ट मिळाली नाही, तर ते काम घेऊ नका.